चौदाव्या वर्षी कानाच्या पडद्याला भोक: ऑपरेशन आत्ता की नंतर, आणि कुठल्या पद्धतीने?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी १४ वर्षांची. लहानपणी उजवा कान वरचेवर वाहायचा, गेलं वर्षभर कोरडा आहे. पडद्याला पुढच्या-खालच्या बाजूला मध्यम आकाराचं भोक आहे, त्या कानाने ३५ डेसिबलपर्यंत कमी ऐकू येतं. डावा कान ठणठणीत. पहिले डॉक्टर म्हणाले अठरा पूर्ण होऊ द्या. दुसरे म्हणाले आत्ताच करा, कानामागून चीर घेऊन फेशिया (स्नायूवरचा पातळ पापुद्रा) लावू. तिसरे म्हणाले कशाला चीर, एंडोस्कोपने (बारीक दुर्बिणीने) कानातूनच करू आणि कूर्चा (कानातलं मऊ हाड) लावू. तिघांत बरोबर कोण? आणि मुलगी विचारते, पोहता कधी येईल?

मी ही ऑपरेशनं बरीच वर्षं करतो आहे. शेवटच्या दोघांत चूक कोणीच नाही. पहिल्यांशी मात्र मी सहमत नाही. फेशिया की कूर्चा, मायक्रोस्कोप की एंडोस्कोप यावर आम्ही सर्जन मंडळी परिषदांमध्ये तासन्‌तास भांडतो, पण तुमच्या मुलीचा पडदा टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरणार आहे: नवा पडदा पुढच्या कडेला नीट पकडला जातो का. ते का, हे सांगण्याआधी वयाचं निपटू.

अठरापर्यंत थांबण्याचा सल्ला एका जुन्या, आणि मुळात बरोबर असलेल्या, निरीक्षणातून येतो. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णात हवा पोचवणारी जी युस्टेशियन नळी असते ती बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी असते, जन्मतः साधारण १८ मिलिमीटर. मोठ्या माणसात तिची लांबी जवळपास दुप्पट होते आणि उतार ४५ अंशांच्या आसपास जातो. लहान मुलांना सर्दी झाली की कान दुखतो तो म्हणूनच. चार-पाच वर्षांच्या मुलाचा पडदा शिवला आणि पुढच्याच पावसाळी सर्दीत कान पुन्हा फुटला, असं घडतं. पण सात-आठ वर्षांनंतर ही नळी बरीचशी मोठ्यांसारखी वागू लागते, नाकामागच्या गाठी, ॲडेनॉइड्स, त्याही दहा-बाराव्या वर्षापर्यंत आकसू लागतात. चौदाव्या वर्षी ‘नळी कच्ची आहे’ हे कारण सहसा उरत नाही. किशोरवयीन मुलांत ऑपरेशनचे निकाल मोठ्यांच्या बरेच जवळ जातात, तेव्हा जन्मतारखेकडे बघून चार वर्षं वाया घालवू नयेत. या चार वर्षांत शाळा असते, भाषा असतात, वर्गात मागे बसलं की अर्धं ऐकू येतं. शिवाय पोहायचं नाही, डोक्यावरून अंघोळ जपून, सर्दी झाली की कान वाहण्याची धास्ती, हेही असतंच.

वयापेक्षा मी दुसऱ्या कानाकडे बघतो. दुसऱ्या कानाचा पडदा आत ओढलेला असेल, त्यामागे पाणी साचलं असेल, किंवा तोही वाहत असेल, तर त्या मुलाच्या नळ्या अजून धड काम करत नाहीत हे तो कानच सांगतो. तिथे मी थांबतो, नाकाकडे लक्ष देतो, ॲलर्जीवर औषध चालू करतो. टाळू फाटलेला असलेल्या मुलांतही नळीचं काम अधू राहतं, त्यांचं गणित वेगळं. तुमच्या मुलीचा डावा कान चांगला आहे, उजवा वर्षभर कोरडा आहे. ऑपरेशनच्या बाजूने यापेक्षा बोलका पुरावा मिळणं कठीण.

थोडं विषयांतर, पण किशोरवयीन मुलग्यांच्या पालकांसाठी महत्त्वाचं. एका बाजूचं नाक कायम बंद, वरचेवर घोळणा फुटतो, आणि त्याच बाजूचा कान बिघडलेला, असं असेल तर आधी नाकाच्या मागे दुर्बिणीने बघून घ्या. या वयातल्या मुलग्यांत अँजिओफायब्रोमा नावाची रक्ताळ गाठ तिथे होऊ शकते. ती विरळा असते, पण ती सोडून कानाचा पडदा शिवत बसणं म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणं.

आता पडद्याकडे. तो साधारण ९-१० मिलिमीटर उंच आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ. एवढ्या पातळपणातही तीन थर: बाहेर त्वचा, आत मध्यकर्णाचं ओलसर अस्तर, आणि मध्ये तंतूंचा थर, ज्यामुळे त्याला ताण येतो. पडद्याची बाहेरची त्वचा जागच्या जागी राहत नाही. ती मध्यापासून कडेकडे अतिशय सावकाश सरकत असते आणि मळाला बाहेर ढकलते. म्हणूनच कान खरं तर स्वतःला स्वच्छ करतो, कॉटन बडची गरज नसते. याच सरकण्याच्या स्वभावामुळे चापट बसून, बॉल लागून किंवा बडने पडलेलं ताजं भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं. अशा भोकाला मी तीन महिने हात लावत नाही. कान कोरडा ठेवा, थेंब घालू नका, एवढंच सांगतो.

मग वर्षानुवर्षं राहिलेलं भोक का भरत नाही? बाहेरची त्वचा वाढत वाढत कडेवरून आत वळते आणि आतल्या अस्तराला जाऊन मिळते. दोघांची गाठ पडली की शरीराच्या लेखी जखम संपली. ती कड आता जखम राहत नाही, शिवून घेतलेला काठ होते. पडद्याच्या कुठल्याही ऑपरेशनचं पहिलं काम म्हणजे हा काठ उसवणं. पिक नावाचं बारीक टोकदार हत्यार घेऊन भोकाच्या काठाभोवती, साधारण मिलिमीटरभर अंतरावर, टपालाच्या तिकिटाला असतात तशी ओळीने भोकं पाडायची, आणि मग ती भोकं जोडत जोडत सबंध कडं सोलून काढायचं. नीट निघालं तर अखंड कडंच चिमट्यात येतं. काठावरून थोडं रक्त आलं की बरं वाटतं, कारण आता शरीराला पुन्हा कळलंय की इथे जखम आहे. नवशिके सर्जन इथे कंजूषपणा करतात, भोक मोठं होईल म्हणून घाबरतात. भोक थोडं मोठं होतंच, होऊ द्यावं. पडद्यात खडूसारखे पांढरे चट्टे असतील तर काठाजवळचे तेही काढावे लागतात, कारण त्या भागाला रक्तपुरवठा नसल्यासारखाच असतो.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांवर फार लिहीत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, ताजा हवा आणि त्यात हवेतून व हाडातून, दोन्ही मार्गांनी ऐकण्याची नोंद हवी. दोन्हींतला फरक म्हणजे पडदा आणि हाडांच्या साखळीमुळे होणारी घट. नुसत्या भोकामुळे ३० ते ३५ डेसिबलची घट पटण्यासारखी आहे. ती ४५-५० च्या पुढे गेली की हातोडी, ऐरण, रिकीब या साखळीत कुठे तरी तुटलंय का, हा संशय घ्यावा लागतो. मग ऑपरेशनची व्याप्तीही बदलते. सीटी स्कॅन अशा साध्या कोरड्या भोकाला मी सांगत नाही. तो लागतो तेव्हा, जेव्हा भोक पडद्याच्या वरच्या-मागच्या टोकाला असतं, त्यातून पापुद्रे दिसतात, किंवा कान थोडाच पण घाणेरड्या वासाने वाहतो. ते कोलेस्टिआटोमाचं लक्षण. तो हाडं खात जाणारा आजार आहे, आणि तिथे पडद्याची डागडुजी हा मुख्य विषयच राहत नाही. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

या सगळ्याला इतिहासही मजेशीर आहे. १६४० साली मार्कस बँझर नावाच्या माणसाने डुकराच्या मूत्राशयाचा तुकडा हस्तिदंती नळीवर ताणून तो कानात बसवण्याची युक्ती लिहून ठेवली. १८५३ मध्ये इंग्लंडात जोसेफ टॉयन्बी यांनी रबराची चकती बसवली. हे सगळं कवळीसारखं, काढ-घाल करायचं. जिवंत ऊतीने भोक बुजवण्याचा प्रयत्न जर्मनीत एमिल बेर्टहोल्ड यांनी १८७८ मध्ये त्वचा लावून केला. खरं आधुनिक शास्त्र १९५०च्या दशकात व्हुलश्टाइन आणि झोल्नर या दोन जर्मन सर्जननी उभं केलं. तेव्हाही त्वचाच लावत, आणि ती कानात सुजायची, पापुद्रे धरायची, गळून पडायची. पुढे स्नायूवरची फेशिया आली तेव्हा गाडी रुळावर आली.

फेशिया म्हणजे काय ते सांगतो, कारण दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सुचवलंय. कानाच्या वर, कानशिलात, जबडा आवळला की बोटाला जो स्नायू हलताना जाणवतो त्याच्यावर पांढरट चकाकता पापुद्रा असतो. तो केसांच्या आत लहान चिरेतून काढतात. काढला तेव्हा ओला, लिबलिबीत असतो. धातूच्या ठोकळ्यावर पसरून, त्यावर चिकटलेले स्नायूचे धागे खरवडून, दिव्याखाली वाळवला की तो कागदासारखा कडक आणि अर्धपारदर्शक होतो. मग कात्रीने हवा तसा कापता येतो. कानात नेल्यावर ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो आणि जिथे ठेवला तिथे चिकटून बसतो. त्याला जगायला फार काही लागत नाही. आजूबाजूच्या काठांतून नवा रक्तपुरवठा येईपर्यंत तो तग धरतो, आणि त्याचा खरा उपयोग मचाणासारखा असतो: दोन्ही बाजूंनी त्वचा आणि अस्तर त्याच्यावरून सरकत येऊन भोक झाकतात. दुखणं कमी, आवाज चांगला वाहून नेतो. दोष एकच, तो आकसतो. म्हणून भोकापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठा कापावा लागतो.

तो ठेवायचा कुठे, यावरून दोन घराणी. अंडरले म्हणजे उरलेल्या पडद्याच्या आतून, खालून ठिगळ. कानाच्या नळीची (युस्टेशियन नव्हे, बाहेरून पडद्यापर्यंत येणाऱ्या वाटेची) त्वचा पडद्यासकट मागच्या बाजूने पुस्तकाच्या पानासारखी उचलायची, मध्यकर्णात जेलफोमचे, म्हणजे आपोआप विरघळणाऱ्या स्पंजचे, बारीक तुकडे भरून गादी करायची, त्यावर फेशिया सरकवायचा आणि पान परत मिटायचं. ओव्हरले म्हणजे पडद्याची बाहेरची त्वचा पूर्ण सोलून ठिगळ वरून घालायचं. ओव्हरलेमध्ये पुढची कड चांगली पकडली जाते, मोठ्या भोकात त्याचा फायदा होतो. पण ते शिकायला कठीण, बरं व्हायला जास्त आठवडे लागतात. जरा हात चुकला तर पुढचा कोन बोथट होतो, पडदा हातोडीच्या हाडापासून बाहेर सरकतो, किंवा त्वचेचा एखादा कण खाली अडकून त्याचा मोती, म्हणजे मोत्यासारखी पांढरी गाठ, होतो. मी किशोरवयीन मुलांत जवळजवळ नेहमी अंडरलेच करतो. ओव्हरले शिकलेले आणि रोज करणारे सर्जन त्यातून उत्तम निकाल काढतात. त्यांना माझ्यासाठी पद्धत बदलायला सांगणं मूर्खपणाचं ठरेल.

लहान भोकांचं मात्र यातलं काही करावं लागत नाही. काठावर ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा हलका हात फिरवून वर कागदाचं किंवा जेलफोमचं ठिगळ ठेवणं, किंवा कानाच्या पाळीतून चरबीचा गोळा घेऊन भोकात बुचासारखा बसवणं, हे दोन-तीन मिलिमीटरच्या आतल्या भोकाला पुरतं. पडद्यात ग्रोमेट (हवा खेळती ठेवणारी चिमुकली नळी) घातलेल्या मुलांत ग्रोमेट पडल्यावर कधी कधी छोटं भोक राहतं, त्याला चरबीचं बूच फार छान बसतं. जपानने २०१९ मध्ये वाढघटकात (ऊतींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनात) भिजवलेल्या जिलेटिनच्या स्पंजने भोक भरण्याला मान्यता दिली. तुमच्या मुलीचं भोक मध्यम आहे, तिथे ठिगळच लागेल.

आता ती पुढची कड. मागच्या बाजूला आपण पान उचललेलं असतं, म्हणजे तिथे ठिगळाला वर त्वचा आणि हाडाचा कठडा, दोन्हींचा टेकू मिळतो. खाली जेलफोमची गादी. पुढे काय असतं? युस्टेशियन नळीचं तोंड. तिथे गादी टिकत नाही. ठिगळ खाली सरकलं तर अडवायला काही नाही. शिवाय पडद्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा मागच्यापेक्षा कमी. त्यात कानाच्या नळीचा पुढचा हाडाचा फुगवटा मध्ये आला तर मायक्रोस्कोपमधून ती कड दिसतसुद्धा नाही, नुसत्या अंदाजाने ठेवावं लागतं. माझी सुरुवातीच्या काळातली फसलेली ऑपरेशनं काढून बघितली तर एकच गोष्ट दिसते. एका पंधरा वर्षांच्या मुलाचा कान सहा आठवड्यांनी तपासला तेव्हा ठिगळ मागे सुंदर धरलेलं, गुलाबी, आणि पुढे मात्र चंद्रकोरीसारखी फट. मी पडदा शिवला नव्हता, भोक पुढे सरकवलं होतं. त्याचं दुसरं ऑपरेशन मीच केलं, आणि तेव्हापासून पुढचं भोक असलं की ठिगळ नुसतं ठेवून मी सोडत नाही.

करतो काय? पडद्याच्या पुढच्या बाजूच्या जाड रिंगणाखालून, एका ठिकाणी, कानाच्या नळीच्या त्वचेत छोटासा बोगदा करतो. ठिगळाला त्या जागी कापतानाच एक जीभ ठेवलेली असते. ती जीभ बोगद्यातून आतून बाहेर ओढून घ्यायची. शर्टाचं बटण काजात अडकवावं तसं ठिगळ पुढे अडकतं. पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. पुढच्या-खालच्या भोकासाठी तुमच्या सर्जनला विचारायचा सगळ्यांत उपयोगी प्रश्न हाच: ‘पुढची कड तुम्ही कशी धरणार?’ उत्तर बोगद्याचं असू शकतं, ओव्हरलेचं असू शकतं, कडक कूर्चेचं असू शकतं. उत्तर असलं पाहिजे, एवढंच.

कूर्चेचा मुद्दा इथेच येतो. कानाच्या भोकासमोर जो छोटा त्रिकोणी उंचवटा असतो, ट्रॅगस, त्याच्या आतून तिचा तुकडा घेतात. वरची दोन मिलिमीटर कड जागेवर सोडायची, म्हणजे बाहेरून आकार बदलत नाही आणि वण आतल्या बाजूला लपतो. कूर्चा आकसत नाही, ओल्या किंवा आत ओढल्या जाणाऱ्या कानातही टिकते, रक्तपुरवठा नसला तरी चालतो, आणि कडक असल्यामुळे पुढे सरकत नाही. पूर्वी एक भीती होती की एवढा जाड तुकडा ध्वनीने हलणार कसा. ट्रॅगसची कूर्चा मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ती कापून अर्ध्या मिलिमीटरवर आणली तर ऐकण्यात फेशियापेक्षा लक्षात येईल असा फरक पडत नाही. कापताना एका बाजूचं आवरण, पेरिकाँड्रियम, तसंच ठेवायचं, त्याने काठ झाकले जातात. हातोडीच्या दांड्यासाठी मधोमध खाच पाडावी लागते. छोट्या-मध्यम भोकांना कूर्चेच्या काठाभोवती खोबण करून ती भोकात फुलपाखराच्या दोन पंखांसारखी बसवायची, अशीही एक पद्धत आहे. त्यात पान उचलावंच लागत नाही.

मग माझा कल? पहिलंच ऑपरेशन, दुसरा कान चांगला, कान कोरडा, भोक पुढे पण मध्यम: मी फेशिया किंवा पातळ कूर्चा, दोन्ही निःशंकपणे वापरेन. आधी एकदा ऑपरेशन फसलं असेल, भोक जवळजवळ सबंध पडद्याचं असेल, किंवा दुसरा कान आत ओढलेला असेल, तर कूर्चाच. कूर्चेची एक उणीव पालकांना कोणी सांगत नाही: ती अपारदर्शक असते. तिच्या मागे पुढे काही वर्षांनी काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जिथे कोलेस्टिआटोमाचा जरासा जरी संशय आहे तिथे सगळा पडदा कूर्चेचा करून टाकताना मी दोनदा विचार करतो.

मायक्रोस्कोप आणि एंडोस्कोप. मायक्रोस्कोपखाली दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात सक्शन, दुसऱ्यात हत्यार, आणि खोली डोळ्यांना कळते. पण तो सरळ रेषेतच बघतो. कानाची नळी अरुंद किंवा वळणाची असेल तर कानामागून चीर घेऊन वाट रुंद करावी लागते. एंडोस्कोप, तीन किंवा चार मिलिमीटरची दुर्बीण, नळीत आत शिरतो आणि फुगवट्याच्या पलीकडची पुढची कड समोर आणून ठेवतो. चीर नाही, केस काढायचे नाहीत, दुखणं कमी. बदल्यात एक हात दुर्बीण धरण्यात जातो. थोडं रक्त आलं की भिंग लाल, पुसा, परत आत जा. आणि दिव्याने टोक तापतं म्हणून प्रकाश कमी ठेवून मधूनमधून बाहेर काढावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलीची कानाची नळी आकाराने मोठ्या माणसाच्या जवळपास असते, एंडोस्कोप सहसा मावतो. भोक भरण्याचं प्रमाण दोन्हींत सारखंच येतं. तुमच्या मुलीचं भोक पुढे असल्याने एंडोस्कोपच्या बाजूने थोडं जास्त वजन पडतं, इतकंच म्हणेन. पण मायक्रोस्कोपवर हात बसलेल्या सर्जनला केवळ चीर नको म्हणून एंडोस्कोप धरायला लावू नका. कानामागचा वण वर्षभरात शोधावा लागतो. वरच्या बाजूला कानाची पाळ काही महिने बधिर राहते, मुलं गंमत म्हणून टिचक्या मारून बघतात.

भूल या वयात पूर्ण द्यावी असं माझं मत. सतरा-अठराच्या शांत मुलांचं स्थानिक भुलीवर होऊ शकतं, पण तासभर डोकं न हलवता पडून राहणं चौदाव्या वर्षी कोणाकडून अपेक्षित धरायचं? भूलतज्ज्ञाशी एक गोष्ट मी दर वेळी बोलून ठेवतो: नायट्रस ऑक्साइड वापरणार असाल तर ठिगळ ठेवण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा. हा वायू मध्यकर्णात झपाट्याने शिरतो आणि आतला दाब वाढवून नुकतंच ठेवलेलं ठिगळ उचलतो. हल्ली बरेच जण तो वापरतच नाहीत. कानाच्या ऑपरेशननंतर चक्कर आणि उलट्या होण्याची शक्यता असते, त्याचं औषध आधीच देतात.

आता जे पालक सहसा विचारत नाहीत. ऑपरेशन कोणाचं आहे? मुलीचं. मी आई-वडिलांना पाच मिनिटं बाहेर बसवून तिच्याशी बोलतो. कान अधूनमधून ओला होतो पण घरी सांगत नाही, कॉटन बड वापरते, इअरफोन घालून झोपते, मोठी मुलं असतील तर सिगरेट किंवा व्हेप, हे सगळं तेव्हाच कळतं. धूम्रपानाने ठिगळ फसण्याचं प्रमाण वाढतं, दुसऱ्याचा धूरही कामाचा नाही. आणि खरी काळजी कधी कधी भलतीच निघते. एका मुलीला कानाची नव्हे, केस किती कापणार याची चिंता होती. एंडोस्कोपने केलं तर एकही नाही आणि कानामागून केलं तरी बोटभर पट्टा, तोही केसांखाली झाकला जातो, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरलेला होता तो सरळ झाला. पथ्यं सांभाळणार तीच आहे, तेव्हा ‘हो’ तिच्याकडून आला पाहिजे.

पथ्यं खरी दोनच महत्त्वाची. पहिले सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. नाक दाबून शिंक आवरली तर सगळा दाब युस्टेशियन नळीतून त्या पुढच्या कडेवरच जातो, तीच कड जी आम्ही एवढ्या कष्टाने धरलेली असते. दुसरं, पाणी. व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात घालून अंघोळ, केस धुताना पाणी मागच्या बाजूला. पट्टी एक-दोन दिवसांत निघते, बाहेरचे टाके आठवड्याने. शाळा आठ-दहा दिवसांनी, धक्काबुक्कीचे खेळ सहा आठवड्यांनंतर, विमानप्रवास सर्जनने पडदा तपासून होकार दिल्यावर. पहिला महिना कान बंद वाटतो, कारण आत-बाहेर जेलफोम भरलेलं असतं. ऐकू कमी आलं म्हणून घाबरून दहाव्या दिवशी ऑडिओग्राम काढू नका. तो तीन महिन्यांनी काढायचा. थोडं रक्तमिश्रित पाणी येणं चालतं. पिवळा पू, ताप, गरगरणं, किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटणं चालत नाही, तेव्हा त्याच दिवशी फोन करा. घरात पडलेले जुने कानाचे थेंब घालू नका. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब भोकातून आत गेले तर अंतर्कर्णाला इजा करू शकतात. लागले तर सिप्रोफ्लोक्सासिनचे, तेही सांगितल्यावर.

निकालाचे आकडे: अनुभवी हातांत, तुमच्या मुलीसारख्या कानात, शंभरातले साधारण ८५ ते ९० पडदे पहिल्या ऑपरेशनमध्ये धरतात. ऐकणं त्याहून थोड्या कमी जणांत पूर्ण सुधारतं, कारण पडदा जुळला तरी साखळीभोवती चिकटणं असू शकतं. न धरलेला पडदा हा अपघात नव्हे, सहा महिने-वर्षाने पुन्हा करता येतो. चवीचा एक मज्जातंतू नेमका पडद्यामागून जातो, तो ताणला तर काही आठवडे जिभेची एक बाजू धातूसारखी लागते, बहुतेकांत जाते. कायमचं ऐकणं जाणं किंवा चेहऱ्याच्या नसेला इजा या ऑपरेशनमध्ये अगदी क्वचित होतं. तरीही मी ते सहीआधी मोठ्याने वाचून दाखवतो. एकाच कानाने ऐकू येत असेल आणि भोक त्याच कानाला असेल, तर हे ‘क्वचित’ सुद्धा फार महाग पडतं. तिथे मी जपूनच पावलं टाकतो.

पोहण्याचं उत्तर मुलीला द्या: तीन महिन्यांनी मी पडदा बघेन, सुका आणि अखंड असेल तर तलावात उतरायला हरकत नाही. सुरुवातीला डोकं पाण्यावर ठेवून. सूर मारणं आणि तळाशी जाणं आणखी तीन महिन्यांनी, कारण तिथे पाण्याचा दाब पडद्यावर येतो आणि नव्या पडद्याला तंतूंचा जुना थर नसतो. सर्दी असेल त्या दिवशी अजिबात नाही. आणि वर्षाने एकदा दाखवायला यायचं, कान उत्तम वाटत असला तरी.